नानांचे वाळवंटातले सोयरे

मे महिन्याच्या भर दुपारी, गारखेड्यातली कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली शिरून धापा टाकत असताना, अंगावर काळी घोंगडी ओढून गच्चीच्या जिन्यात निवांत बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही भाड्यानं घर बघायला गेलो होतो आणि तेच घरमालक होते. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "ताप आलेला दिसतोय." पण म्हाताऱ्याचे कान तिखट निघाले.

"ताप नाय आला. उन्हाळा आलाय," ते म्हणाले. "उंटाच्या पाठीवर लोकर कशाला असती, कधी इचार केलाय का? ती कातरून टाकली तर उंटाला जास्त घाम सुटतोय. तिकडचा मानूस बी पायघोळ अंगरखा घालून, तोंड बांधून फिरतोय. आन् आपली शहानी लोकं मलमल घालून भाजून निघायलेत."

मी नेमका मलमलचा कुडता घातला होता. असा राग आला की तिथूनच परत फिरावं. पण घर हवेशीर होतं, भाडं झेपणारं होतं आणि मला चितेगावला नेणारी कंपनीची बस कोपऱ्यावरच थांबत होती. आम्ही वरचा मजला घेतला आणि स्वतःचा फ्लॅट होईपर्यंत तिथंच राहिलो.

सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. पैठणकडच्या एका खेड्यातलं हे धनगराचं पोर. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून मेंढरांमागं निघायचं ते पाऊसकाळ आला की गावी परतायचं, असं त्यांचं लहानपण गेलं. पुढं शिकले आणि पाटबंधारे खात्यात कारकून झाले. जन्मभर कालव्यांच्या फायली इकडून तिकडं हलवल्या, पण मन सगळं वाळवंटात. बरं, वाळवंट स्वतः कधी पाहिलं होतं म्हणाल, तर नाशिकच्या पुढं गेले नव्हते.

त्यांचं ज्ञान रद्दीतून आलेलं होतं. भूगोलाची जुनी पाठ्यपुस्तकं ते किलोवर विकत घ्यायचे. त्यातल्या अरबांना पोरांनी पेनानं चष्मे काढलेले असायचे, एस्किमोला शिंगं असायची. नाना त्या चष्म्यांसकट सगळं वाचून काढायचे. ह्या नादाचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. शाळेच्या पुस्तकात एक चित्र होतं. लोकरीचं काळं पाल, पुढं मेंढरं, आणि अंगाभोवती जाड कापड गुंडाळून काठीवर रेललेला माणूस. खाली लिहिलेलं, 'वाळवंटातील भटके लोक'.

"मी उठून म्हटलं, मास्तर, हे तर आमचे मामा! मास्तरांनी कानाखाली काढली. पन मला आजबी वाटतंय, मी खरंच बोललो व्हतो."

तेव्हापासून सहारातले, गोबीतले, लडाखमधले, ध्रुवाकडचे सगळे लोक नानांचे सोयरे झाले. "आपल्या तिकडच्या लोकांत," असं म्हणून ते वाक्याला सुरुवात करायचे आणि पुढचं ऐकल्यावर कळायचं की तिकडचे म्हणजे मंगोलियातले. त्यांच्या लेखी वाळवंट वाळूमुळं होत नसे, पाऊस नसल्यामुळं होत असे. त्यामुळं बर्फाचं वाळवंटही त्यांना तितकंच जवळचं. "पाऊस नाय म्हनजे वाळवंट. मंग ते भाजून काढू द्या नायतर गोठवून. सोयरा तापट असला काय आन् थंड असला काय, सोयराच."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे काही कुणाला नव्यानं सांगायला नको. पाणी लांबलं की भाडेकरू कुरकुर करायचे आणि नानांना चेव यायचा.

"अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर हाय," ते सांगायचे. "जन्मात पानी पीत नाय. सुके दाने खातो, त्यातनंच त्याचं भागतंय."

खालच्या खोलीत एक तरुण भाडेकरू होता. उस्मानपुऱ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तो हात जोडून म्हणायचा, "नाना, हम क्या चूहे हैं?"

"चूहा होना बी आसान नाय, बेटा," नाना शांतपणे म्हणायचे आणि टाकीचं झाकण लावून घ्यायचे.

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं अजिबात नाही. लडाखचा चहा म्हणून त्यांनी एका सकाळी आम्हा सगळ्यांना मीठ आणि लोणी घातलेलं काहीतरी पाजलं. माझ्या नवऱ्यानं ते खिडकीतून बाहेर थुंकलं आणि खालच्या तुळशीवर पडलं म्हणून वरून बोलणीही खाल्ली. गच्चीवर लोखंडी पिंपात त्यांनी एक खजुराचं झाड लावलं होतं. खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत पाहिजे, असं त्यांनी वाचलेलं. म्हणून ते पिंपाच्या बुडाशी आंघोळीचं पाणी सोडायचे. त्या झाडाला खजूर कधी लागले नाहीत, डास मात्र भरपूर झाले. चूक दाखवली की त्यांचं एकच उत्तर असे, "पुस्तक जुनं असंल."

पण कधी कधी हा माणूस असं काही बोलून जायचा की हातातलं काम थांबायचं. टीव्हीवर पेंग्विन दाखवत होते. बर्फाच्या वादळात शेकडो पेंग्विन एकमेकांना चिकटून उभे. नाना म्हणाले, "आमची मेंढरं बी अशीच. फक्त उलट. दुपारी माळावर झाड नसलं की समदी गोल उभी राहतेत आन् जो तो आपलं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली घालतो. हे थंडीसाठी चिकटतेत, ते सावलीसाठी. पन एकटं कुनी ऱ्हात नाय." मग थोडं थांबून म्हणाले, "बायको गेल्यावर मला दुपारी लई आठवायची मेंढरं."

आता त्या घोंगडीबद्दल सांगायला हवं.

एकदा मोटरीवरून आमचं आणि खालच्या भाडेकरूचं चांगलंच वाजलं. पाणी आलं की आधी कुणी चढवायचं, हा वाद. मी दिवसभर कंपनीतून थकून आलेली, तो दुकानातून आलेला, दोघांचेही आवाज चढले. नाना गच्चीवर आले. खांद्यावरची घोंगडी झटकली, जमिनीवर अंथरली आणि म्हणाले, "बसा दोघं."

"नाना, बसायचं काय आहे त्यात? ह्यानं..."

"बसा. आमच्या घरात रीत हाय. भांडान झालं की घोंगडं अंथरायचं. भांडनारे दोघं त्याच्यावर बसायचे. घोंगड्यावर खोटं बोलायचं नाय आन् मिटल्याबिगर उठायचं नाय."

आम्ही बसलो. त्या घोंगडीवर कधी न बसलेल्या माणसाला सांगून कळणार नाही, ती काय टोचायची! सलवारीतून टोचायची, पँटमधून टोचायची. समोर कठड्यावर नाना डोळे मिटून बसलेले. आधी मी खोटं बोलायचं सोडलं, मग त्यानं सोडलं, आणि शेवटी तो खाजवत खाजवत म्हणाला, "ताई, पहले आप चला लो मोटर. मेरे को जल्दी नहीं." मी म्हटलं, "अरे नाही, एक दिवस तू, एक दिवस मी." मिटलं.

खाली उतरताना मी म्हटलं, "नाना, न्याय तुम्ही नाही करत, तुमची घोंगडी करते."

"मंग!" ते खूश झाले. "मायच्या हातची हाय."

बाप गेल्यावर कळप विकावा लागला, तेव्हा विकण्याआधी आईनं मेंढरांची शेवटची कातरणी करून लोकर ठेवून घेतली. ती सगळी तिनं स्वतः चातीवर कातली आणि विणकराकडून ही घोंगडी करून घेतली. "समदा कळप गेला. एवढाच उरलाय," असं म्हणून नाना घोंगडीची कड नाकाशी धरायचे. मेंढराचा उग्र वास यायचा तिला. मला तो सहन होत नसे. नाना मात्र डोळे मिटून घ्यायचे.

नानांना एक कोडं वर्षानुवर्षं छळत होतं. गोबीच्या थंड वाळवंटात लोकांची घरं लोकरीच्या जाड कापडाची असतात आणि ते कापड विणलेलं नसतं. लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, दांड्याला घट्ट गुंडाळायची आणि घोड्यामागं नाहीतर उंटामागं बांधून माळावर फरफटत न्यायची. तिचा होतो नमदा. वारा आत येत नाही, कात्रीनं कापला तरी उसवत नाही. "इनल्याबिगर लोकर टिकती कशी?" असं ते ज्याला त्याला विचारायचे. बसची वाट बघताना मलाही विचारलं होतं. मला काय माहीत!

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतःच करून बघायचं ठरवलं. गावाकडून पोतंभर लोकर आणली, भिजवली, प्लॅस्टिकच्या पाइपाभोवती गुंडाळली, सुतळीनं आवळली आणि आपल्या जुन्या स्कूटरमागं बांधून कॉलनीच्या मैदानात फेऱ्या सुरू केल्या. पुढं नाना, अंगावर घोंगडी. मागं उड्या मारत येणारी ती वळकटी. तिच्यामागं कॉलनीतली एकूण एक कुत्री. थोड्याच वेळात सुतळी तुटली. लोकर मैदानभर झाली, वाऱ्यानं उडाली आणि समोरच्या बायकांनी वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. त्या दिवशी नानांना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी ते जिन्यात बसून मला म्हणाले, "घोडंच पायजे. स्कूटरला लोकरीची जान नाय."

पुढं त्यांच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा सज्जन, पण वाळवंटाचा विषय निघाला की ताट घेऊन आत जाणारा. सून उस्मानपुऱ्यातली, शहरात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. मेंढी आणि शेळी यांतला फरक तिला सांगावा लागला होता. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. लग्नाला आठवडा झाला नसेल, तर जेवताना तिनं विचारलं, "मामा, पेंग्विनला प्यायला पाणी कुठून मिळतं?"

मी तेव्हा वाटीभर आमटी द्यायला खाली गेले होते. नानांचा घास हातातच राहिला. त्या घरात त्यांना कुणी प्रश्न विचारायची बहुधा ती पहिलीच वेळ होती. नाना त्या रात्री किती वेळ बोलत होते कोण जाणे. मग रोजचंच झालं. ती बँकेतून आली की चहाचा कप घेऊन जिन्यात बसायची आणि विचारायची. थंड वाळवंटातली झाडं उशीसारखी बुटकी गोलमटोल का असतात? "डोकं वर काढलं की वारा मोडतो, म्हनून गठ्ठ्यानं ऱ्हातेत." उंट खाली बसला तर वाळूनं भाजत नाही का? "छातीला घट्टा असतो त्याच्या. माझ्या मायच्या टाचंसारखा." मी वरून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. म्हाताऱ्याला श्रोता मिळाला होता.

मग आला दसरा. आमच्याकडे घट बसायच्या आधी 'दसरा काढतात', म्हणजे घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, भांडी घासायची, घर लख्ख करायचं. सुनेचा ह्या घरातला पहिलाच दसरा. तिनं बँकेतून रजा काढली, पाणी यायचा दिवस साधला आणि पहाटेपासून लागली कामाला. माहेरून आलेली नवी धुण्याची मशीन दिवसभर घुमत होती. नाना त्या दिवशी गावी गेले होते. उकाड्यामुळं घोंगडी घेऊन गेले नव्हते असं नाही, एसटीत शेजारची बाई वासानं कुरकुर करते म्हणून ठेवून गेले होते. सुनेनं ती खुंटीवर पाहिली. मामांची एवढी आवडती वस्तू आणि कुणी कधी धुतलेली नाही! तिनं चांगला मूठभर साबणचुरा घातला आणि मळ निघावा म्हणून सगळ्यात कढत पाण्यावर मशीन लावली.

लोकर कढत पाण्यात घालायची नसते, हे धनगराच्या घरातल्या लहान पोरालाही कळतं. म्हणूनच तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नाना आले तेव्हा दोरीवर एक लहानसं, जाडजूड, काळं काहीतरी लटकत होतं. निम्म्याहून कमी झालेली घोंगडी. नानांनी ती काढून घेतली. कड नाकाशी धरली. साबणाचा वास येत होता. मग तिची घडी केली आणि ते आत गेले. मी वरून पाहत होते. मला वाटलं, ओरडावं ह्या माणसानं, एकदा तरी ओरडावं.

पुढचे दिवस घर मुकं झालं. जिन्यात चहा नाही, उंट नाही, काही नाही. सुनेनं आणि तिच्या नवऱ्यानं घोंगडी पुन्हा ओली करून दोन टोकांनी ओढून पाहिली. एका टोकाला मीही हात लावला. ती तसूभरही वाढली नाही. जिन्यात माझ्याजवळ ती रडली.

"ताई, मामा रागावले असते तर बरं झालं असतं. काल मी मुद्दाम विचारलं, बर्फातला कोल्हा काय खातो. तर म्हणाले, पुस्तकात बघ."

मला तिची फार दया आली. खरं सांगायचं तर त्याहून जास्त नानांची आली. आईची घोंगडी गेलीच होती, आता हे एवढं जीव लावून ऐकणारं माणूसही हातचं जाणार होतं, आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं.

घट बसायच्या आदल्या संध्याकाळी तिचा भाऊ तिला न्यायला आला. चार दिवस माहेरी, असं म्हणत होते. पण पहिल्याच दसऱ्याला सून घटाच्या आदल्या दिवशी माहेरी निघते, याचा अर्थ कॉलनीत कुणाला सांगावा लागत नाही. मी बसमधून उतरून आले तेव्हा बॅग दारात होती. नाना मात्र जिन्यात बसलेले, मांडीवर ती आटलेली घोंगडी. नखानं तिची कड कुरतडत होते.

"ताई, इकडं या," त्यांनी हाक मारली. "तुमची नजर बारीक हाय. ह्यातला एक धागा काढून दाखवा."

मी पाहिलं. उलटी केली, सुलटी केली. धागा कुठं दिसेच ना. आडवा नाही, उभा नाही. सगळी लोकर एकमेकांत जिरून एकजीव झाली होती.

"नाही सापडत, नाना."

"मला बी दुपारपासून सापडंना." त्यांनी घोंगडी उजेडाकडे धरली. "ताई, नमदा हाय हो ह्यो! गोबीतल्यावानी. स्कूटरनं झालं नाय ते पोरीनं मशिनीत केलं." त्यांनी डोळे पुसले. "खोटं कशाला बोलू? मायचा वास गेला, मला लई वाईट वाटलंय. लई. पन नमदा झालाय."

ते उठले आणि खाली उतरले. मीही मागोमाग गेले, मला राहवेना. बाहेरच्या खोलीत भाऊ हेल्मेट हातात घेऊन उभा होता, मुलगा भिंतीला टेकून खाली बघत होता आणि सून चपला घालत होती. नानांनी खोलीच्या मधोमध घोंगडी अंथरली.

"बस, पोरी."

तिला रीत माहीत होती. चपला काढून ती मुकाट बसली आणि भांडणातल्या दुसऱ्या माणसासाठी जागा करायला एका कडेला सरकू लागली. पण सरकायला जागाच नव्हती. तिचे गुडघेच जेमतेम मावत होते.

"सरकू नको," नाना म्हणाले. "हिच्यावर आता दोघं मावत नायती."

आणि ते तिच्यासमोर उघड्या फरशीवर मांडी घालून बसले. आयुष्यात मी त्यांना घोंगडीशिवाय जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आता खोटं बोलायचं नाय," ते म्हणाले. "पानी किती कढत व्हतं?"

ती गोंधळली. "सगळ्यात जास्त, मामा."

"मशीन किती येळ फिरलं?"

"मळ निघाला नाही असं वाटलं म्हणून... मी दोनदा लावली." आणि तिला रडू फुटलं.

"दोनदा!" नाना आमच्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी इतके दिवस न पाहिलेला उजेड होता. "ऐकलं का? तिथं घोडं दिवसभर पळवतेत." मग तिच्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "टोचतंय का?"

तिनं पदराआडून मान हलवली. "नाही, मामा. मऊ झालीय."

"मंग बस निवांत," नाना म्हणाले. "बर्फातल्या कोल्ह्याचं इचारलं व्हतंस ना तू? त्यो अस्वलाच्या मागं मागं ऱ्हातोय..."

भावानं जरा वेळ वाट पाहिली, मग हेल्मेट कोपऱ्यात ठेवलं आणि तोही फरशीवर बसला.